मुका मार ते एम ८०.१५ : खुब्याच्या एका अस्थिभंगाचे प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातील ७४ वर्षांच्या एका आजींचे आहे. त्यांचे नाव, गाव आणि संबंधित रुग्णालये यांचा उल्लेख येथे जाणीवपूर्वक टाळला आहे. मी रुग्णालयाच्या अभिलेख विभागात, म्हणजे ज्याला सगळे एमआरडी म्हणतात तिथे, रोगनिदानाचे कोड नोंदवण्याचे काम करते. या एका रुग्णाच्या कागदांवर तीन आठवड्यांच्या आत चार वेगवेगळे कोड पडले. ते टाकणाऱ्या प्रत्येकाने समोर लिहिलेल्या शब्दांनुसारच कोड टाकला होता, त्यामुळे कोणी हलगर्जी केली असे म्हणता येत नाही. तरीही पहिले तीन कोड आजींच्या आजाराचे नव्हते किंवा अर्ध्याच आजाराचे होते. हाड का मोडले हा प्रश्न शेवटच्या कोडपर्यंत कोणी विचारला नव्हता, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिण्यासारखे वाटते.

पहाटे पाचच्या सुमारास आजी न्हाणीघरात गेल्या. आदल्या रात्री धुणे झाल्यामुळे शहाबादी फरशी ओली होती. पाय घसरला आणि त्या डाव्या कुशीवर पडल्या. पडल्यावर त्या स्वतः उठून बसल्या आणि सुनेच्या खांद्याला धरून चार पावले चालत खाटेपर्यंत आल्या, ही गोष्ट घरच्यांनी प्रत्येक डॉक्टरांना सांगितली. ‘चालल्या म्हणजे मोडले नसेल’ हा समज त्यातूनच पक्का झाला. जवळच्या रुग्णालयात कमरेचा एक एक्स-रे निघाला. त्यात मोडलेले हाड दिसले नाही. कागदावर ‘मुका मार’ असे लिहून वेदनाशामक गोळ्या आणि आठवडाभर विश्रांती सांगण्यात आली. खुब्याच्या मुक्या माराचा कोड एस ७०.० असतो आणि तोच त्या कागदावर होता.

चौथ्या दिवशी त्यांना आमच्याकडे आणले तेव्हा डावा पाय टेकवताच त्या ओठ आवळून घेत होत्या. खुबा मोडल्यावर पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळतो, हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. इथे तसे काही नव्हते, दोन्ही पाय सारख्या लांबीचे आणि सरळ होते. मात्र पाय गुडघ्यात न वाकवता उचलायला सांगितला तेव्हा तो गादीवरून सुटलाच नाही. झोपलेल्या अवस्थेत पाय लाटण्यासारखा हलकेच आत-बाहेर फिरवला की जांघेत कळ येत होती आणि टाचेवर तळहाताने ठोकले की तीच कळ पुन्हा येत होती. अस्थिरोगतज्ज्ञांनी केस पेपरवर लिहिलेले वाक्य मला अजून आठवते. एक्स-रे काहीही म्हणो, हा पाय वजन घेत नाही, म्हणून हाड मोडलेले नाही हे सिद्ध होईपर्यंत ते मोडले आहे असेच समजावे, असा त्याचा आशय होता.

दुसरा एक्स-रे काढताना पाय साधारण १५ अंश आत वळवून घेतला आणि बाजूनेही एक फिल्म घेतली. मांडीच्या हाडाची मान मुळात थोडी पुढे झुकलेली असते. पाय सैल सोडला की ती फिल्मवर तिरपी आणि आखूड उमटते आणि बारीक भेग त्यात लपून जाते. पाय आत वळवल्यावर खुब्याच्या बाहेरच्या अंगाला हाताला लागणाऱ्या उंचवट्यावर, म्हणजे ग्रेटर ट्रोकँटरवर, केसासारखी एक रेघ दिसली. इथेच थांबले असते तर ‘उंचवट्याला भेग, शस्त्रक्रियेची गरज नाही’ असा निष्कर्ष निघाला असता. वयस्क माणसाच्या एक्स-रेवर फक्त या उंचवट्यालाच भेग दिसत असेल, तर ती आतून पुढे सरकलेली असण्याची शक्यता बरीच असते आणि ते पाहण्यासाठी एमआरआय हीच सर्वांत भरवशाची तपासणी आहे. सीटी लवकर होतो, पण विरळ झालेल्या हाडातली न सरकलेली भेग त्यात कधीकधी निसटते.

एमआरआय संध्याकाळी झाला. पूर्ण तपासणीऐवजी निवडक दोनच क्रम घेतल्याने आजींना त्या नळकांड्यात फार वेळ राहावे लागले नाही. टी-१ प्रतिमेत उंचवट्यापासून निघालेली काळी रेघ तिरपी खाली उतरत आतल्या बाजूच्या लहान उंचवट्याच्या दिशेने गेलेली होती, आणि आतल्या कडेचे जेमतेम बोटभर हाड शाबूत होते. स्टर या क्रमात त्या रेषेभोवती मज्जेतली सूज पांढरी दिसत होती. निदान झाले ते असे : डाव्या बाजूचे, न सरकलेले, बंद (त्वचा न फाटलेले) इंटरट्रोकँटेरिक फ्रॅक्चर, म्हणजे या दोन उंचवट्यांमधल्या हाडाचा अस्थिभंग.

उपचारांबाबत एक निर्णय खरोखर विचार करण्यासारखा होता. रेघ हाडाच्या निम्म्या रुंदीच्या आतच थांबली असेल, तर काही शल्यचिकित्सक वॉकरवर अर्धे वजन देऊन सहा आठवडे वाट पाहतात. इथे रेघ निम्म्याच्या बरीच पुढे गेली होती. चार दिवस घरात अधूनमधून पाय टेकवूनही ती सरकली नव्हती हे नशीब, पण पाचव्या दिवशी न्हाणीघरापर्यंत जाताना ती सरकली असती, तर हीच शस्त्रक्रिया दुप्पट अवघड झाली असती. शिवाय ७४ वर्षांच्या, ४६ किलो वजनाच्या बाईला सहा आठवडे खाटेवर ठेवणे म्हणजे न्यूमोनिया, पाठीच्या जखमा आणि शिरेतल्या रक्ताच्या गुठळ्या यांना बोलावणेच असते. खुब्याच्या अस्थिभंगानंतर वर्षभरात दगावणाऱ्या वृद्धांचे प्रमाण जगभरातील नोंदींमध्ये साधारण पाचांत एक ते तिघांत एक असे आढळते, आणि त्यात अंथरुणाला खिळून राहण्याचा वाटा मोठा असतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच शस्त्रक्रिया ठरली. दाखल झाल्याच्या दिवशी किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करावी, असे आता बहुतेक मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या रात्री जांघेच्या वरच्या भागात भुलीचे इंजेक्शन देऊन नस बधिर केली, तेव्हा आजी चार दिवसांनी पहिल्यांदा शांत झोपल्या.

रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन १०.२, सोडियम १२९ आणि ड जीवनसत्त्व ९ नॅनोग्रॅम निघाले. सोडियम कमी असण्याचे कारण रक्तदाबाच्या गोळीतच होते. त्या गोळीत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले होते. सोडियम कमी असले की वृद्ध माणसाचा तोल जातो, म्हणून फिजिशियननी गोळी बदलली. ही नोंद छोटी असली तरी ई ८७.१ या कोडने ती अंतिम यादीत घेतली, कारण ती पडण्याच्या कारणाशी जोडलेली होती.

पाठीत भूल देऊन, पाय ताणून धरणाऱ्या ट्रॅक्शन टेबलवर, सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली प्रॉक्सिमल फिमोरल नेल, म्हणजे मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसणारी सळी, बसवण्यात आला. हाड सरकलेले नव्हते, त्यामुळे प्लेट आणि सरकत्या स्क्रूनेही काम भागले असते. पण भेग बाहेरच्या उंचवट्यातून सुरू झाली होती आणि बाहेरची भिंत पातळ होती. प्लेटच्या स्क्रूसाठी त्याच भिंतीला मोठे छिद्र पाडावे लागते आणि ती फुटली तर स्थिर असलेले फ्रॅक्चर अस्थिर होते, हे कारण शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेच्या टिपणात स्पष्ट लिहिले होते. नेलमधून वर जाणाऱ्या स्क्रूचे टोक मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याच्या मध्याशी, वरच्या कवचाच्या जवळ असावे लागते. समोरच्या आणि बाजूच्या फिल्मवर मोजलेल्या, स्क्रूच्या टोकापासून गोळ्याच्या माथ्यापर्यंतच्या अंतरांची बेरीज २५ मिलिमीटरच्या आत राहिली की स्क्रू गोळ्यातून फुटून बाहेर येण्याचा धोका फार कमी होतो, हे १९९५ मधल्या बाउमगार्टनर यांच्या अभ्यासापासून सर्वमान्य आहे. इथे ही बेरीज १९ मिलिमीटर भरली. दुसऱ्या दिवशी आजी वॉकर धरून खाटेभोवती एक फेरी चालल्या, आणि पूर्ण वजन देऊन चालल्या.

इथवर सर्व सुरळीत चालले होते. अडचण कागदांवर सुरू झाली.

कॅशलेस मंजुरीचा अर्ज आजी दाखल झाल्याबरोबर भरला गेला होता. त्यात निदानाच्या रकान्यात ‘हिप फ्रॅक्चर’ एवढेच लिहिले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आम्ही कोड ज्यातून घेतो त्या आजारांच्या वर्गीकरणात, नुसते ‘हिप फ्रॅक्चर’ शोधले की ते एस ७२.० या कोडकडे जाते, आणि एस ७२.० म्हणजे मांडीच्या हाडाच्या मानेचा अस्थिभंग. इंटरट्रोकँटेरिक फ्रॅक्चर एस ७२.१ मध्ये येते. एका अंकाचाच हा फरक, पण शरीरात तो फार मोठा आहे. मान सांध्याच्या आवरणाच्या आत असते आणि गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या नसा तिच्यावरूनच जातात. ती मोडून सरकली की गोळा मरण्याची भीती असते, म्हणून वृद्धांत बहुधा गोळाच बदलावा लागतो. ट्रोकँटरचा भाग आवरणाच्या बाहेर, भरपूर रक्तपुरवठ्यात असतो. तो सहसा जुळतो, फक्त तो जुळेपर्यंत आधार धरून ठेवणारा नेल किंवा प्लेट लागते. साहजिकच विमा कंपनीच्या टीपीएकडून, म्हणजे तिच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडून, पहिला प्रश्न आला : कोड मानेच्या फ्रॅक्चरचा आहे, मग गोळा न बदलता नेल कसा घातला? प्रश्न रास्त होता. शस्त्रक्रियेचे टिपण आणि एमआरआयचा अहवाल जोडून आम्ही कोड एस ७२.१० असा दुरुस्त केला. पाचव्या जागेवरचे शून्य फ्रॅक्चर बंद असल्याचे सांगते. या आयसीडी-१० मध्ये डाव्या-उजव्याला जागा नाही, त्यामुळे बाजूची नोंद डिस्चार्ज कार्डावर शब्दांतच राखावी लागते.

डिस्चार्ज कार्डाचा मसुदा माझ्याकडे आला तेव्हा मी आजींचा पूर्वेतिहास वाचत होते. ‘११ वर्षांपूर्वी उजवे मनगट मोडले होते, घरीच पट्टी’ आणि ‘पूर्वी गर्भाशयाची शस्त्रक्रिया’ अशा दोन नोंदी होत्या. उभ्या उंचीवरून पडून आधी मनगट आणि मग खुबा मोडणे, हा क्रम हाडे ठिसूळ झाल्याचा जवळजवळ ठरलेला माग आहे. निरोगी हाड न्हाणीघरात घसरून असे चिरत नाही. मग हा कोड जखमांच्या प्रकरणातला एस ७२ असावा, की ठिसूळ हाड मोडल्याचा एम ८० असावा? आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेतल्या सुधारित आवृत्तीच्या अधिकृत सूचना याबाबत निःसंदिग्ध आहेत. रुग्णाला ऑस्टिओपोरोसिस (हाडे विरळ होऊन ठिसूळ होण्याचा आजार) असल्याचे माहीत असेल आणि निरोगी हाड मोडणार नाही अशा किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल, तर जखमेचा कोड न देता एम ८० द्यावा, असे त्या सांगतात. आपल्याकडे वापरात असलेल्या आयसीडी-१० च्या पुस्तकात हा नियम इतक्या उघड शब्दांत लिहिलेला नसला, तरी एम ८० हा गट त्याच्यासाठीच आहे.

मात्र कोडर निदान करत नाही. डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय एम ८० टाकण्याचा मला अधिकार नव्हता. म्हणून मी शल्यचिकित्सकांना लेखी प्रश्न पाठवला : रुग्णाला ऑस्टिओपोरोसिस आहे का, असल्यास कोणत्या कारणाने, आणि हा अस्थिभंग त्यामुळे झाला असे आपले मत आहे का? प्रश्नात उत्तर सुचवायचे नसते, ही आमच्या कामातली शिस्त आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते.

‘कोणत्या कारणाने’ हे शब्द मी घातले ते वॉर्डमधल्या एका संभाषणामुळे. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेचे वर्ष विचारायला मी आजींच्या खाटेपाशी गेले होते. त्या म्हणाल्या, “थोरला दहावीला व्हता बग. छत्तीस वर्सं झाली. पोरी, पिशवी काढली तवाच सगळं काढलं म्हनला डाक्टर.” त्या वेळी त्यांचे वय ३८ होते. ‘सगळं’ या शब्दात बीजांडकोश येत असतील, तर त्यांच्या हाडांना मिळणारे इस्ट्रोजेन ३८ व्या वर्षीच बंद पडले होते, म्हणजे नैसर्गिक पाळी जाण्याच्या जवळजवळ दहा वर्षे आधी. आपल्या ग्रामीण भागात पिशवी काढण्याचा प्रकार किती सर्रास झाला आहे, हे २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या निमित्ताने साऱ्या राज्याला कळले. पण त्या शस्त्रक्रियेचा पुढे वीस-तीस वर्षांनी हाडांवर होणारा परिणाम आपण अजून मोजायला घेतलेला नाही, असे केस पेपर वाचताना मला वारंवार जाणवते.

आयसीडी-१० मध्ये हा फरक नोंदवायला स्वतंत्र जागा आहे. पाळी गेल्यानंतरच्या ऑस्टिओपोरोसिसमुळे हाड मोडले तर एम ८०.०, आणि बीजांडकोश काढल्यानंतरच्या ऑस्टिओपोरोसिसमुळे मोडले तर एम ८०.१. पण तोंडी सांगण्यावरून ते लिहिता येत नाही. धाकटा मुलगा गावी जाऊन आजींची पत्र्याची ट्रंक उघडून आला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत चौपदरी घडी घातलेले एक पिवळे पडलेले कार्ड त्याने आणून दिले. घडीवर शाई उडाली होती, तरी गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोश काढल्याची ओळ वाचता येत होती. फिजिशियन आणि शल्यचिकित्सक या दोघांनी ते पाहिले. उजव्या खुब्याचा डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजणारी तपासणी, काढला, कारण डावीकडे आता धातू होता. निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा टी-स्कोअर उणे ३.४ आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या व्याख्येनुसार उणे २.५ किंवा त्याखालचा आकडा ऑस्टिओपोरोसिस मानला जातो. कॅल्शियम, पीटीएच हे संप्रेरक आणि रक्तातील प्रथिनांची तपासणी करून मायलोमा (अस्थिमज्जेचा कर्करोग) आणि इतर कारणे बाजूला सारण्यात आली, आणि एमआरआयमध्ये हाडात गाठ नसल्याचे आधीच दिसले होते. मग शल्यचिकित्सकांनी डिस्चार्ज कार्डावर लिहिले : बीजांडकोश काढल्यानंतरचा ऑस्टिओपोरोसिस, त्यामुळे किरकोळ पडण्याने झालेला डाव्या बाजूचा इंटरट्रोकँटेरिक अस्थिभंग. त्या वाक्यावर मी एम ८०.१५ टाकला. शेवटचा ५ कंबर आणि मांडीचा भाग दाखवतो. सोबत घसरून पडल्याचा डब्ल्यू ०१.० होता, ज्यातले शून्य घर ही जागा दाखवते. त्याखाली ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा ई ५५.९ आणि रक्तदाबाचा आय १० हे कोड होते.

कार्डावर एम ८० च्या नावात आलेले ‘पॅथॉलॉजिकल फ्रॅक्चर’ हे शब्द वाचून थोरल्या मुलाने मला बाहेर गाठले. “मॅडम, हे पॅथॉलॉजिकल म्हणजे कॅन्सर का?” त्याच्या हातातला कागद थरथरत होता. हा शब्द घराघरांत असाच ऐकला जातो. आजारामुळे दुबळे झालेले हाड मोडले एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि इथे तो आजार हाडे ठिसूळ होण्याचा आहे, हे त्याला एमआरआयचा अहवाल दाखवून समजावले. रुग्णाच्या हातात पडणाऱ्या कार्डावर या शब्दाखाली एक ओळ मराठीत लिहिली पाहिजे, असे मी तेव्हापासून आग्रहाने सांगते.

दुसरी अडचण बिलिंगच्या खिडकीवरून आली. एस ७२ ठेवला तर अपघात म्हणून दावा लगेच मंजूर होईल आणि एम ८० टाकला तर अडकेल, असे तिथल्या सहकाऱ्यांनी काळजीपोटीच सांगितले. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. अनेक आरोग्य पॉलिसींमध्ये वयोमानानुसार होणारा ऑस्टिओपोरोसिस काही वर्षांच्या प्रतीक्षा कालावधीच्या यादीत असतो आणि अपघाताला तो कालावधी लागू नसतो. झालेही तसेच. टीपीएने पॉलिसीच्या जुन्या वर्षांचे पुरावे मागितले आणि दावा ११ दिवस थांबला. मुलाची पॉलिसी सात वर्षे सलग चालू होती, त्यामुळे जुन्या प्रती दिल्यावर पैसे मिळाले. ती दुसऱ्याच वर्षात असती तर या कुटुंबाला कर्ज काढावे लागले असते, याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही कोड तोच राहिला असता. पडणे खरे होते, ते डब्ल्यू ०१.० मध्ये आम्ही लपवले नाही. पण किरकोळ पडण्याने मोडलेल्या ठिसूळ हाडाला अपघात म्हणावे की आजार, हा वाद पॉलिसीच्या अटींमध्ये सुटायला हवा. आजींच्या आजाराचे नाव बदलून तो सोडवणे मला मान्य नाही, कारण त्या नावावर त्यांचे पुढचे औषध अवलंबून होते.

पुणे आणि नवी मुंबईत अमेरिकन रुग्णालयांचे चार्ट कोड करणारे अनेक मराठी मुलगे-मुली आहेत, त्यांच्यासाठी थोडे सांगते. हाच चार्ट त्यांच्यासमोर आला असता तर निदानाचा कोड एम ८०.८५२ए झाला असता, कारण तिथे बीजांडकोश काढल्यानंतरचा ऑस्टिओपोरोसिस ‘इतर’ या गटात जातो, सहावा अंक डावी बाजू दाखवतो आणि शेवटचा ए हा उपचार चालू असल्याची खूण आहे. फॉलो-अपमध्ये हाड नीट जुळत असेल तर ए च्या जागी डी येतो. शस्त्रक्रियेच्या कोडमध्ये मात्र हमखास चूक होते. नेल दिसला की अनेक जण ‘रीपोझिशन’ हे मूळ कार्य धरून ०क्यूएस७३६झेड टाकतात. पण हाड सरकलेलेच नव्हते, म्हणजे जागेवर आणण्यासारखे काही नव्हते. न सरकलेल्या हाडात नेल घालणे हे ‘इन्सर्शन’ आहे, आणि त्वचेतल्या छोट्या छेदातून डाव्या मांडीच्या वरच्या भागात नेल घातल्याचा कोड ०क्यूएच७३६झेड. तिथे शल्यचिकित्सकाचे बिल सीपीटी या वेगळ्या कोड-यादीने जाते, त्यात २७२४५ हा एकच कोड पुरतो.

घरी जाताना आजींना गुठळ्या टाळण्याची इंजेक्शने आणि दर आठवड्याला ६०,००० युनिट ड जीवनसत्त्वाची पुडी दिली होती. आठव्या आठवड्यात ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून निघाल्याची, मूत्रपिंडे ठीक असल्याची खात्री करून हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रॉनिक आम्लाचे ५ मिलिग्रॅमचे सलाईन दिले. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांत हे औषध दिलेल्या रुग्णांमध्ये नवे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॉरायझन चाचणीत दिसले होते. न्हाणीघरात भिंतीला दोन दांडे बसले आणि धुणे अंगणात हलले. चार महिन्यांनी एक्स-रेत रेघ पुसलेली होती, आणि आजी काठीवर देवळापर्यंत जात होत्या.

त्या तपासणीला त्यांच्याबरोबर त्यांची लेक आली होती, वय ५१. आईचे कार्ड हातात घेऊन तिने ती ओळ दोनदा वाचली आणि मला विचारले, “माझी पण पिशवी चौतिसाव्या वर्षी काढलीय. दोन्ही बाजूंचं काढलंय म्हणाले होते. माझी हाडं कुठं तपासायची?” तिचा डेक्सा त्याच दुपारी झाला. टी-स्कोअर उणे २.७ होता. जुने कागद तिने आणून दिले, फिजिशियननी निदान लिहिले आणि तिच्या नव्या केस पेपरवर मी एम ८१.१ टाकला. बीजांडकोश काढल्यानंतरच्या ऑस्टिओपोरोसिसचा, पण हाड अजून न मोडलेल्या रुग्णाचा तो कोड आहे.